पहिला धूर

एलायजा साळवे म्हणतो, ताई, रंगाला घाई चालत नाही,
आणि स्वतः मात्र अर्धी बिडी टाकून उठतो.
नाना पेठेतल्या त्याच्या शेडमध्ये
आमची फियाट लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे,
चाकांशिवाय,
दवाखान्यात मोजे काढून बसवलेल्या म्हाताऱ्यासारखी.
सहासष्ट सालची. बाबांनी तिचे तीन रंग बदलले,
ऑइल एकदाही वेळेवर बदललं नाही.

आधी गंज.
तारेचा ब्रश घेऊन बसले तेव्हा वाटलं, तासाभराचं काम.
तिसऱ्या दिवशी नखांत, भाकरीत, उशीच्या अभ्र्यावर
तांबडी पूड.
सगळा नको काढू, एलायजा म्हणाला,
सुटलाय तेवढा काढ, घट्ट बसलाय तो राहू दे.
हे औषध त्यालाच धरतं.
चकचकीत पत्र्यावरून कातीसारखं सोलून निघतं.

लावताना पांढरं, दुधासारखं,
बघता बघता जांभळं,
चहा पिऊन आलो तर काळं.
गंज गेला नव्हता. त्याचं बोलणं बंद झालं होतं.

मग डावीकडच्या सीटपुढची चटई उचलली
आणि खाली डालड्याचा डबा.
कापून, ठोकून सपाट केलेला,
नऊ रिबिटा, वर डांबर.
उलट्या बाजूला पिवळ्यावर हिरवं ताडाचं झाड, अजून ताजं.
रिबिटा ओळखल्या मी. बाबांचा हातोडा
नेहमी डावीकडे घसरायचा.
आई विचारायची, अहो, खाली भोक आहे का,
पायाला वारा लागतोय.
छे, म्हणायचे ते, भास आहे तुझा.

एलायजाने छिन्नी पुढे केली.
मी म्हटलं, थांब.
तो थांबला. ठेवायचं तर ठेव, म्हणाला,
पण उद्या बसणाऱ्याचा पाय रस्त्यावर येईल.

कापलं शेवटी.
झाड आता माझ्या फ्रिजवर आहे, चुंबकाखाली.

एक्झॉस्टचं मॅनिफोल्ड बुधवारी जुन्या बाजारात मिळालं,
कुलपांच्या ढिगात, सव्वातीनशेला.
त्याचा रंग वेगळा. डब्यावर लिहिलंय, सहाशे अंश.
भिंतीचा रंग वाळतो, हा भाजावा लागतो,
नाहीतर बोट लावलं की राख.
घरच्या ओव्हनमध्ये तिरकंही मावेना.
म्हणून भवानी पेठेतल्या बेकरीत गेले,
जिथे दिवाळीआधी आम्ही नानकटाईचे ट्रे घेऊन रांग लावतो,
वर नावाची चिठ्ठी.
मन्सूरशेठनी कागद उलगडला, पुन्हा गुंडाळला.
किती वेळ ठेवायचं?
अर्धा तास मंद, मग गार, मग थोडं जास्त, मग गार, मग...
बाई, म्हणाले, उद्या माझ्या पावाला फटफटीचा वास येईल.
हातावर एक खारी ठेवून त्यांनी मला वाटेला लावलं.

तेव्हा इंजिनवरच भाजायचं ठरलं.
रविवार सकाळ, शेडचं दार सताड उघडं.
दहा मिनिटं चालू, बंद, गार होईस्तोवर गप्पा
(एलायजाच्या मुलीचं बारावीचं गणित, त्याचा गुडघा).
मग वीस मिनिटं,
आणि धूर आला. पांढरा, गोडसर, डोळ्यांना झोंबणारा.
मी चावीकडे धावले.
त्याने हात आडवा घातला. येऊ दे.
पहिला धूर रंगाचा असतो, गाडीचा नसतो.

शेजारचा टायरवाला नाक धरून भांडायला आला
आणि बॉनेटपाशी वाकून उभाच राहिला.

तिसऱ्या खेपेला धूर नव्हता.
चंदेरी जरा मळकट झालं होतं, पण बसलं होतं.
ओरखडून बघितलं, नख तुटलं.

एलायजाने गल्लीतून एक फेरी मारली, मी डावीकडे बसले,
आईच्या जागेवर, चपला काढून.
नवा पत्रा, दोन हात औषध, वर काळा रंग.
वारा लागत नव्हता.
थोडा लागायला हवा होता, असं वाटून गेलं.
एलायजाला सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर त्याने ब्रेक दाबून
मागच्या सीटवरचं ड्रिल उचललं असतं.